लेन्स फ्लेअर

कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये शिरलेला तीव्र प्रकाश आतील काचांच्या पृष्ठभागांवरून परावर्तित होऊन किंवा विखुरला जाऊन चित्रात जी अनपेक्षित झळाळी, वर्तुळे, पट्टे किंवा धूसरपणा निर्माण करतो, त्यास लेन्स फ्लेअर असे म्हणतात. सूर्य, दिवा, मशाल किंवा वाहनाचा पुढचा दिवा यांसारखा प्रखर स्रोत चौकटीत अथवा चौकटीच्या अगदी लगत असला, की हा परिणाम ठळकपणे दिसतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फ्लेअर हा केवळ दोष मानला जात असे व तो कमी करणे हे लेन्सनिर्मितीचे एक प्रमुख उद्दिष्ट होते. पुढे चित्रपट छायाचित्रणात त्याचा हेतुपुरस्सर वापर होऊ लागला. डिजिटल कॅमेऱ्यांच्या काळात अतिशय स्वच्छ प्रतिमा सहज मिळू लागल्यावर जुन्या लेन्स आणि जुन्या धाटणीच्या नव्या लेन्स यांना पुन्हा मागणी आली.

या लेखात 'लेन्स' म्हणजे कॅमेऱ्याला जोडले जाणारे संपूर्ण उपकरण आणि 'भिंग' म्हणजे त्याच्या आतील एकेक काच, असा भेद केला आहे. ज्या लेन्सचे नाभीय अंतर बदलता येत नाही, तिला प्राइम लेन्स म्हणतात.

प्रकार

फ्लेअरचे स्वरूप लेन्सची रचना, छिद्राचा आकार आणि प्रकाशस्रोताची जागा यांवर ठरते. त्याचे प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

धूसर आवरण: विखुरलेला प्रकाश चित्रभर पसरतो. गडद भाग राखाडी होतात, रंग फिके पडतात व चित्रातील छायाभेद कमी होतो. प्रकाशस्रोत चौकटीबाहेर असतानाही हा परिणाम होऊ शकतो.

आभासी प्रतिमा: प्रकाशस्रोत आणि चित्राचा मध्यबिंदू यांना जोडणाऱ्या रेषेवर ठिपक्यांची किंवा बहुकोनांची साखळी दिसते. तिचे आकार अनेकदा छिद्राच्या आकाराशी जुळतात. छिद्र सहा पात्यांचे असेल तर षट्कोन दिसतात, तर पूर्ण उघडे असेल तर वर्तुळे दिसतात.

आडवा पट्टा: ॲनामॉर्फिक लेन्समधील दंडगोलाकार भिंगांमुळे प्रकाशबिंदूतून चित्राच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आडवी रेघ उमटते. विलेपनाच्या परावर्तनामुळे ती पुष्कळदा निळसर असते.

तारांकित किरणे: छिद्राच्या पात्यांच्या कडांवर प्रकाशाचे विवर्तन होऊन स्रोताभोवती किरणे दिसतात. पात्यांची संख्या सम असल्यास तितकीच आणि विषम असल्यास दुप्पट किरणे उमटतात. याचे कारण परावर्तन हे नसून विवर्तन आहे. तथापि व्यवहारात हा प्रकारही फ्लेअरमध्येच गणला जातो.

कारणमीमांसा

हवेतून काचेत किंवा काचेतून हवेत जाताना प्रकाशाचा काही भाग मागे परावर्तित होतो. सुमारे १.५ अपवर्तनांकाच्या साध्या काचेच्या बाबतीत हे प्रमाण प्रत्येक पृष्ठभागाला अंदाजे ४ टक्के असते. एकदा परावर्तित झालेला किरण पुढच्या एखाद्या पृष्ठभागावरून पुन्हा परावर्तित झाला, तर तो कॅमेऱ्याच्या दिशेने वळतो आणि आभासी प्रतिमा तयार होते. म्हणजेच पृष्ठभागांच्या प्रत्येक जोडीपासून एक आभासी प्रतिमा संभवते. पृष्ठभागांची संख्या 'न' असल्यास अशा जोड्यांची संख्या न × (न − १) ÷ २ इतकी होते.

सहा भिंगे चार गटांत बसवलेल्या लेन्समध्ये हवेशी संबंध येणारे आठ पृष्ठभाग असतात; त्यांपासून २८ आभासी प्रतिमा संभवतात. भिंगांवर विलेपन नसल्यास आठ पृष्ठभागांतून पार होणारा प्रकाश सुमारे ७२ टक्केच उरतो. त्यामुळे भूमितीनुसार एफ २ असलेली लेन्स प्रत्यक्षात टी २.४ च्या आसपास प्रकाश देते. चित्रपटाच्या लेन्सवर एफ अंकाऐवजी टी अंक छापण्याचे कारण हेच आहे. एकाच दृश्यासाठी वेगवेगळ्या लेन्स वापरल्या तरी उजेडाची पातळी सारखी राहावी लागते आणि टी अंकात काचेतील घट धरलेली असते. तीस पृष्ठभागांच्या झूम लेन्समध्ये ४३५ जोड्या होतात आणि विलेपनाशिवाय जेमतेम २९ टक्के प्रकाश पार होतो. म्हणूनच विलेपनपूर्व काळात मोजक्या भिंगांच्या प्राइम लेन्सच व्यवहार्य होत्या.

पृष्ठभागागणिक ४ टक्के परावर्तन असेल तर दोनदा परावर्तित झालेला किरण मूळ प्रकाशाच्या ०.१६ टक्के उरतो. एरवी हे प्रमाण नगण्य वाटले, तरी स्रोत सूर्य असेल तर इतका अंशही चित्रातील इतर वस्तूंवर सहज मात करतो. विलेपनाने परावर्तन ०.५ टक्क्यावर आणले तर हीच आभासी प्रतिमा ६४ पटींनी, म्हणजे सहा स्टॉपने, मंद होते.

काचेवरील धूळ, बोटांचे ठसे, ओरखडे, नळीच्या आतील चकाकणारा धातू आणि डिजिटल संवेदकावरील काच यांमुळेही फ्लेअर वाढतो.

विलेपनाचा इतिहास

जुन्या, हवेने किंचित डागाळलेल्या भिंगांतून नव्या भिंगांपेक्षा अधिक प्रकाश पार होतो, असे इंग्लंडमधील लेन्सरचनाकार डेनिस टेलर यांना १८९० च्या दशकात आढळले. पृष्ठभागावर तयार झालेला पातळ थर परावर्तन कमी करतो, हे त्यामागील कारण होते. १९३५ मध्ये जर्मनीतील झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वात पोकळीत भिंगावर पातळ थर चढवण्याची पद्धत विकसित केली. मॅग्नेशियम फ्लोराइडचा, प्रकाशाच्या तरंगलांबीच्या एक चतुर्थांश जाडीचा थर दिल्यास ४ टक्क्यांचे परावर्तन सव्वा टक्क्याच्या आसपास येते. थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणारे तरंग एकमेकांना बऱ्याच अंशी नष्ट करतात, हे त्यामागील तत्त्व आहे.

'सिटिझन केन' (१९४१) या चित्रपटासाठी छायाचित्रकार ग्रेग टोलँड यांनी विलेपन केलेल्या लेन्स वापरल्या. १९७० च्या दशकाच्या आरंभी बहुस्तरीय विलेपन व्यापारी लेन्समध्ये आले आणि त्यानंतर फ्लेअर उत्तरोत्तर क्षीण होत गेला.

दोषापासून शैलीपर्यंत

फ्लेअरमुळे प्रेक्षकाला कॅमेऱ्याच्या अस्तित्वाची जाणीव होते. स्टुडिओपद्धतीच्या चित्रपटांत ही जाणीव टाळण्याकडे कल होता, म्हणून फ्लेअर आलेले चित्रण सहसा बाद केले जाई. अकिरा कुरोसावा यांच्या 'राशोमोन' (१९५०) या चित्रपटात छायाचित्रकार काझुओ मियागावा यांनी कॅमेरा झाडांच्या पानांतून थेट सूर्याकडे रोखला. त्या काळी ही गोष्ट निषिद्ध मानली जात असे. कॉनराड हॉल यांचे 'कूल हँड ल्यूक' (१९६७) आणि लास्लो कोवाच यांचे 'ईझी रायडर' (१९६९) या चित्रपटांतील छायाचित्रणात सूर्याचा फ्लेअर उन्हाची दाहकता व प्रवासातील मोकळेपणा दाखवण्यासाठी टिकवून ठेवला गेला. स्टुडिओबाहेर प्रत्यक्ष स्थळी होणारे चित्रीकरण आणि वृत्तचित्रांची सवय यांमुळे प्रेक्षकांना फ्लेअर खरेपणाची खूण वाटू लागला होता.

'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' (१९९८) साठी यानुश कामिन्स्की यांनी काही लेन्सवरील विलेपन मुद्दाम काढून घेतले. त्यामुळे युद्धदृश्यांतील छायाभेद कमी झाला आणि चित्रण दुसऱ्या महायुद्धकाळातील वृत्तपटाच्या जवळ गेले. जे. जे. एब्रम्स यांच्या 'स्टार ट्रेक' (२००९) मध्ये चौकटीबाहेरून लेन्सवर विजेरीचा झोत टाकून फ्लेअर निर्माण करण्यात आला. त्याच्या अतिरेकाबद्दल या चित्रपटावर टीकाही झाली.

महाराष्ट्रातील चित्रपटसृष्टी

दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला आणि 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) हा चित्रपट मुंबईत तयार केला. त्या काळातील लेन्सवर विलेपन नसे आणि चित्रीकरण प्रामुख्याने सूर्यप्रकाशात होई. सूर्य कॅमेऱ्याच्या मागे किंवा बाजूला ठेवणे ही त्यामुळे तांत्रिक गरजच होती.

प्रभात फिल्म कंपनीच्या 'अमृतमंथन' (१९३४) या चित्रपटात व्ही. शांताराम यांनी टेलिफोटो लेन्सच्या साहाय्याने राजगुरूच्या डोळ्याचे अतिसमीप दृश्य घेतले. लेन्सचा गुणधर्म हाच आशय मांडण्याचे साधन होऊ शकतो, याचे हे मराठी चित्रपटसृष्टीतील प्रारंभीचे उदाहरण होय. प्रभातच्या पुण्यातील जागेत १९६० मध्ये सुरू झालेल्या संस्थेत, म्हणजे आजच्या भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेत, छायाचित्रणाचे शिक्षण दिले जाते.

मुंबईत तयार झालेला गुरुदत्त यांचा 'कागज के फूल' (१९५९) हा भारतातील पहिला सिनेमास्कोप चित्रपट होय. सिनेमास्कोपसाठी ॲनामॉर्फिक लेन्स लागते. छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती यांनी या चित्रपटात आरशांच्या साहाय्याने सूर्यप्रकाश स्टुडिओच्या आत वळवून तिरप्या झोताचे प्रसिद्ध दृश्य साकारले. या झोताची फ्लेअरशी गल्लत होण्याचा संभव असतो. झोत हवेतील धूळ व धूर यांच्या कणांवरून प्रकाश विखुरल्याने दिसतो, म्हणजे तो लेन्सच्या बाहेर, प्रत्यक्ष दृश्यात असतो. फ्लेअर मात्र लेन्सच्या आतच जन्म घेतो. कॅमेऱ्याशेजारी उभ्या असलेल्या व्यक्तीला झोत दिसतो, त्या चित्रातील फ्लेअर दिसत नाही. मूर्ती यांना २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. हा सन्मान मिळवणारे ते पहिले छायाचित्रकार होत.

जुन्या आणि जुन्या धाटणीच्या लेन्स

जुन्या सिनेलेन्समध्ये इंग्लंडच्या लेस्टर येथील कुक स्पीड पँक्रो, अमेरिकेच्या बॉश अँड लोंब कंपनीच्या बाल्टार व सुपर बाल्टार आणि १९७० च्या दशकातील कॅनन के ३५ व झाइस सुपर स्पीड या मालिका विशेष परिचित आहेत. सोव्हिएत बनावटीची हेलिओस ४४-२ (५८ मिलिमीटर, एफ २) ही मूळची स्थिरछायाचित्रणाची लेन्स असून ती झाइसच्या बायोटार रचनेवर आधारलेली आहे. सहा भिंगे आणि चार गट अशी तिची रचना असल्याने वर दिलेले २८ आभासी प्रतिमांचे गणित तिला तंतोतंत लागू पडते.

जुन्या स्थिरछायाचित्रण लेन्स चित्रपटासाठी वापरताना त्यांना नव्या नळीत बसवतात. फोकसचे कडे अधिक अंशांत फिरेल असे केले जाते, त्यावर दाते बसवले जातात आणि छिद्र टप्प्याटप्प्याऐवजी सलग उघडते. जोडणीतही अडचण असते. पीएल जोडणीत लेन्सच्या बैठकीपासून फिल्म किंवा संवेदकापर्यंतचे अंतर ५२ मिलिमीटर असते, तर हेलिओससारख्या एम ४२ आट्यांच्या लेन्सला ४५.४६ मिलिमीटर अंतर लागते. त्यामुळे ती पीएल कॅमेऱ्यावर फेरबदलाशिवाय दूरवर फोकस होत नाही. आरसाविरहित कॅमेऱ्यांत हे अंतर बरेच कमी असते, म्हणून साध्या जोडकड्याने ती बसते.

जुने संच दुर्मीळ असतात आणि त्यांतील दोन लेन्सचा रंग किंवा प्रकाश सहसा जुळत नाही. ही अडचण टाळण्यासाठी काही कंपन्या नव्या यंत्रणेत जुन्या गुणधर्मांच्या लेन्स बनवतात. कुकची पँक्रो क्लासिक मालिका जुन्या स्पीड पँक्रोच्या धर्तीवर आहे. सिग्माच्या एफएफ क्लासिक प्राइम मालिकेत विलेपनरहित भिंगे वापरलेली आहेत. झाइसच्या सुप्रीम प्राइम रेडियन्स (२०१९) मालिकेत निळसर फ्लेअर देणारे खास विलेपन आहे. जो दोष काढून टाकण्यासाठी अनेक दशके संशोधन झाले, तोच आता ठरावीक प्रमाणात आणि संचातील प्रत्येक लेन्समध्ये सारखा मिळेल अशा रीतीने परत आणला जातो.

चित्रीकरणातील नियंत्रण

फ्लेअर नको असल्यास लेन्सवर हूड किंवा मॅट बॉक्स बसवतात आणि चौकटीबाहेरील प्रकाश काळ्या कापडाच्या चौकटीने अडवतात. फिल्टर काढून टाकणे किंवा किंचित तिरपा बसवणेही उपयुक्त ठरते, कारण सपाट फिल्टर व संवेदक यांच्यामध्ये अतिरिक्त परावर्तन होते.

फ्लेअर हवा असल्यास कॅमेरा किंवा पात्र अशा रीतीने हलवतात, की स्रोत क्षणभर डोक्याआड, खांबाआड किंवा फांदीआड जाईल. स्रोत अर्धवट झाकला की फ्लेअर मंदावतो व उघडा पडला की उसळतो. त्यामुळे एकाच दृश्यात त्याची तीव्रता बदलत राहते. पात्राच्या मागे सूर्य असल्यास चेहरा अंधारात जातो. अशा वेळी समोरून परावर्तक किंवा पांढऱ्या थर्माकोलच्या फळीने उजेड द्यावा लागतो. संकलनानंतर संगणकावरही फ्लेअर घालता येतो. परंतु कॅमेऱ्याची हालचाल, मध्ये येणारे अडथळे आणि घटणारा छायाभेद यांच्याशी तो जुळला नाही, तर चित्रावर चिकटवल्यासारखा दिसतो.

उदाहरण: नंदुरबार जिल्ह्यातील प्रकाशस्थिती

फ्लेअरचा वापर स्थळाचे अक्षांश, भूरूप आणि ऋतू यांवर कसा अवलंबून असतो, हे महाराष्ट्राच्या वायव्य टोकावरील नंदुरबार जिल्ह्याच्या उदाहरणाने समजू शकते. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा सुमारे २१.४ अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या थोडा दक्षिणेस आहे. मे महिन्याच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यास येथे मध्यान्हीचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो. तो चौकटीत येऊ शकत नाही, म्हणून त्या वेळी सूर्याचा फ्लेअर मिळवणे जवळजवळ अशक्य असते. विषुवदिनाच्या सुमारास मावळतीचा सूर्य ताशी सुमारे १४ अंश खाली येतो. क्षितिजापासून १० अंश उंचीवरून मावळेपर्यंत त्याला अंदाजे ४३ मिनिटे लागतात. डिसेंबरमध्ये हाच काळ सुमारे ४८ मिनिटांचा असतो आणि सूर्य नेमक्या पश्चिमेऐवजी २५ अंश दक्षिणेकडे मावळतो.

हे आकडे मोकळ्या क्षितिजाचे आहेत. तापीकाठच्या सपाटीवर ते बहुतांशी लागू पडतात. सातपुड्यातील अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांच्या दऱ्यांत मात्र समोरचा डोंगर क्षितिजापासून १० अंश वर आला असेल, तर तेवढाच काळ आधी सूर्य आड होतो आणि मावळतीचा सगळा उपयुक्त प्रकाश हातचा जातो.

शहादा तालुक्यात तापीकाठी सारंगखेडा येथे दत्तजयंतीला भरणारी यात्रा घोडेबाजारासाठी प्रसिद्ध आहे. डिसेंबरातील तिरपे ऊन, घोड्यांच्या टापांनी उडणारी धूळ आणि नदीचे पात्र यांमुळे येथे धुळीतील प्रकाशझोत आणि लेन्समधील फ्लेअर हे दोन्ही परिणाम एकाच चौकटीत येऊ शकतात. अशा वेळी दोहोंमुळे छायाभेद घटतो आणि घोड्याच्या अंगाचा रंग व पोत हरवण्याची शक्यता असते.

अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळी पहाटे पेटवली जाते. येथे प्रकाशस्रोत आग हाच असतो आणि भोवती अंधार असल्यामुळे विलेपनरहित लेन्समध्ये ज्वाळांच्या आभासी प्रतिमा काळ्या पार्श्वभूमीवर ठळक उमटतात. होळीत सहभागी होणारे आदिवासी नर्तक मोरपिसांचे टोप घालतात, कमरेला घुंगरू बांधतात आणि अंगावर पांढरी नक्षी रेखतात. धूसर आवरणामुळे नेमके हेच तपशील पुसट होतात. कथाचित्रपटात उत्सवाचा एकूण भास पुरेसा ठरू शकतो, पण वेशभूषा, नक्षी व चेहरे यांची नोंद हा माहितीपटाचा हेतू असल्यास फ्लेअर त्या नोंदीच्या आड येतो. एकदाच होणाऱ्या विधीचे चित्रण पुन्हा घेता येत नाही आणि लेन्समध्ये गमावलेला छायाभेद नंतर पूर्णपणे परत मिळवता येत नाही. म्हणून अशा प्रसंगी मुख्य चित्रण विलेपन असलेल्या लेन्सने आणि मोजकी दृश्ये जुन्या लेन्सने घेणे श्रेयस्कर ठरते.

सुरक्षितता व देखभाल

दुर्बिणीसारख्या दृक्‌शोधकातून सूर्याकडे पाहिल्यास डोळ्याच्या दृष्टिपटलाला कायमची इजा होऊ शकते. लांब नाभीय अंतराची लेन्स सूर्यावर रोखून ठेवल्यास संवेदक व छिद्राची पातीही खराब होऊ शकतात. फ्लेअरसाठी रुंद कोनाची लेन्स, अल्पकालीन चित्रण आणि पडद्यावर पाहून केलेली रचना तुलनेने सुरक्षित असते.

जुन्या लेन्सवरील आरंभीचे विलेपन मऊ असल्यामुळे वारंवार पुसल्याने झिजते. पावसाळ्यातील दमट हवेत भिंगांवर बुरशी वाढते. तिच्यामुळेही फ्लेअर वाढतो, परंतु तो नियंत्रणात ठेवता येत नाही आणि काचेवर कायमचे डाग राहू शकतात. यासाठी लेन्स सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवली जाते. काही जुन्या लेन्सच्या काचेत थोरियम ऑक्साइड असते. अशी काच कालांतराने पिवळसर होते आणि चित्रालाही उबदार छटा देते. भाड्याने किंवा विकत घेण्यापूर्वी लेन्स विजेरीच्या उजेडात तिरपी धरून बुरशी, ओरखडे व भिंगांच्या जोडातील धुरकटपणा तपासला जातो. त्यानंतर छिद्राच्या प्रत्येक टप्प्यावर एकाच प्रकाशस्रोताचे चाचणीचित्रण करून त्या विशिष्ट लेन्सच्या फ्लेअरचे स्वरूप नोंदवले जाते. एकाच मालिकेतील दोन जुन्या लेन्सही सारखा फ्लेअर देतीलच असे नसल्याने ही नोंद प्रत्येक लेन्ससाठी स्वतंत्रपणे करावी लागते.